निशि-कासाईतलं आमच्या इमारतीखालचं कोंबिनी

मी सात वर्षं साताऱ्यात एका पतसंस्थेच्या काउंटरला बसलोय. त्यामुळे कुठल्याही दुकानात शिरलो की माल नंतर बघतो, आधी काउंटरमागच्या माणसाचे हात बघतो. नोटा कशा मोजतो, शिक्का कुठं मारतो, पावती फाडताना रेघ धरतो का नुसती ओढतो. हा निकष तुम्हाला पटत नसेल तर पुढं वाचू नका, कारण ज्या दुकानाबद्दल लिहितोय तिथं भाजी जवळजवळ मिळत नाही, दूध महाग आहे आणि शाकाहारी माणसाला डोळ्यांत तेल घालून खावं लागतं. तरीही गेल्या दीड वर्षात मी तिथं गेलो नाही असे दिवस बोटांवर मोजण्याइतके असतील.

दुकान म्हणजे कोंबिनी. 'कन्व्हीनियन्स स्टोअर'ला जपानी जिभेनं दिलेला आकार. सेव्हन-इलेव्हन, फॅमिलीमार्ट आणि लॉसन या तीन मोठ्या साखळ्या, आणि देशभरात सगळी मिळून ५५ हजारांच्या आसपास दुकानं. जपानातलं पहिलं सेव्हन-इलेव्हन १९७४ साली टोकियोतच, तोयोसु भागात उघडलं. आमचं कुठल्या साखळीतलं ते सांगत नाही. पुढं दोन-तीन तक्रारी आहेत आणि मालकीणबाई रोज समोर दिसतात.

आम्ही राहतो निशि-कासाईला. टोकियोच्या पूर्वेला, एदोगावा वॉर्डात, तोझाई मेट्रोवर. बायकोचं ऑफिस ओतेमाचीला, गाडीनं वीस मिनिटं. २००० सालच्या सुमाराला संगणकातल्या तारखांचा घोळ निस्तरायला आपली आयटीवाली मंडळी इकडं आली, त्यातली बरीचशी याच लाइनवर टिकली. याच वॉर्डाच्या सभेवर, म्हणजे आपल्या नगरसेवकासारखे, २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक निवडून आले, आपले मराठी गृहस्थ. तेव्हा हिंग, तूरडाळ, पोहे यांची चिंता नाही, त्यासाठी भारतीय दुकानं आहेत. चिंता बाकीच्या सगळ्याची होती. नोकरी बायकोला लागलेली. मी तिच्या मागून आलेला, डिपेंडंट व्हिसावरचा नवरा. म्हणजे ती ऑफिसात आणि बिलं, कचरा, पार्सलं, कागदपत्रं माझ्याकडं, तेही जपानीचा एक शब्द येत नसताना.

ऑक्टोबर २०२४. घराची किल्ली हातात पडली आणि आम्ही सामान घेऊन पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. यूआरचं घर. यूआर म्हणजे निमसरकारी घरबांधणी संस्था, आपल्या म्हाडाची लांबची बहीण म्हणा. तिथं घरमालकाला 'रेइकिन' नावाची परत न मिळणारी दक्षिणा द्यावी लागत नाही, दलाली नाही, आणि जामीनदारही लागत नाही. जामीनदार लागत नाही हे ऐकून मी पतसंस्थेचा माणूस दोन मिनिटं गप्पच बसलो होतो. तर दार उघडलं, बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. मोबाइलच्या उजेडात वर बघितलं तर छताला दिवाच नव्हता, नुसतं एक गोल सॉकेट. इथं भाड्याचं घर म्हणजे चार भिंती. दिवे, पडदे, शेगडी आपली आपण आणायची. उजेड फक्त ओट्यावर आणि न्हाणीत. गॅस दुसऱ्या दिवशी, कारण गॅस कंपनीचा माणूस येऊन, तुमच्या समोर तपासून मगच चालू करतो. बायको ओट्याच्या दिव्याखाली सूटकेसवर बसली आणि म्हणाली, "अरे, काहीतरी खायला आण, नाहीतर मी आता रडणार."

फाटकापासून कोंबिनी नव्वद पावलांवर आहे. त्या रात्री मोजली नव्हती, नंतर मोजली. दार सरकलं, एक छोटी धून वाजली, कुठून तरी 'इराश्शाइमासे', म्हणजे 'या, यावं', ऐकू आलं, आणि इतका पांढराशुभ्र उजेड की मी दारातच थांबलो. चार ओनिगिरी घेतल्या, दोन दह्याचे डबे, पाण्याची बाटली.

ओनिगिरी म्हणजे भाताचा त्रिकोणी मुटका, बाहेरून नोरीचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा, कागदासारखा पापुद्रा. गंमत अशी की भात आणि नोरी यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक थर असतो, नोरी सादळू नये म्हणून. वेष्टनावर १, २, ३ असे आकडे. आधी मधली पट्टी खाली ओढून पार मागपर्यंत न्यायची, मग उजवा कोपरा, मग डावा. मी भुकेपोटी एकदम तिन्हीकडून ओढलं. नोरी प्लास्टिकबरोबर गेली, भात सूटकेसवर पडला. दुसरी बायकोनं सोडली, आकड्यांप्रमाणे, आणि तिची नोरी भाताला अशी चपखल बसली की तिनं ती खायच्या आधी मला दाखवली. आत उमेबोशी होती, म्हणजे खारवलेला आंबट प्लम. मुरलेल्या लिंबाच्या लोणच्यातली फोड आणि मिठातला आवळा, यांच्या मधलं काहीतरी. भात आपल्या इंद्रायणीसारखा चिकट. साताऱ्याच्या माणसाला एवढं पुरे. ती रडली नाही.

खरं परीक्षण इथून सुरू होतं, कारण माझ्यासाठी खाणं हे या दुकानाचं निम्मंही काम नाही.

दोन महिन्यांनी पाण्याचं बिल आलं. इथं पाण्याचं बिल दोन महिन्यांनी येतं. बँक खात्यातून परस्पर जावं हा उत्तम मार्ग, पण माझं खातंच नव्हतं. एका बँकेत गेलो होतो. येऊन सहा महिने झाले नाहीत तर नंतर या, असं फार नम्रपणे सांगितलं. इतक्या नम्रपणे की बाहेर पडेपर्यंत मला नकार मिळालाय हे कळलं नव्हतं. मग बिल घेऊन कोंबिनीत. आमच्या पतसंस्थेत महावितरणची बिलं घ्यायचो, त्यामुळे या कामातलं मला कळतं. महिन्याच्या शेवटच्या तारखेला दारापर्यंत रांग, सुट्ट्यांवरून वाद, आणि 'शिक्का नीट उठला नाही' म्हणून परत आलेला एक तरी म्हातारा.

काउंटरला विशीतली पोरगी होती. तिनं बिल दोन्ही हातांनी घेतलं. बारकोडवर पिप केलं. माझ्या बाजूच्या पडद्यावर रक्कम उमटली आणि खाली एक मोठं बटण. ती थांबली. मी ते दाबल्याशिवाय तिला पुढं जाता येत नाही, म्हणजे रकमेची खात्री गिऱ्हाइकानं करायची आणि तशी नोंद राहायची. मी १० हजाराची नोट टाकली. जुलै २०२४ पासून या नोटेवर शिबुसावा एइइची आहेत, १८७३ साली जपानातली पहिली आधुनिक बँक काढणारे. बँकवाल्याचा फोटो नोटेवर, हे मला मनापासून आवडलं. सुटे पैसे यंत्रानं येनपर्यंत मोजून दिले. मग तिनं तारखेचा शिक्का घेतला, बिलाच्या भागांवर छापलेल्या चौकटीत मधोमध मारला, छिद्रांच्या रेघेवर आधी घडी घातली, घडीवरून नख फिरवलं आणि मग फाडलं.

घडी घातली! आमच्याकडं नव्या येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे सांगून सांगून थकलो. घडी न घालता ओढलं की पावती तिरकी फाटते, आणि तिरकी फाटते तेव्हा नेमका क्रमांकच जातो. ती पावती मी अजून ठेवलीय. बायको म्हणते फ्रेम कर.

व्यवहाराच्या गोष्टी पटकन सांगतो. बिल एका वेळी तीन लाख येनपर्यंत भरता येतं, बहुतेक ठिकाणी रोखीनंच. एटीएम परदेशी कार्ड घेतं. पहिले महिने त्यावरच काढले. झेरॉक्स काळी-पांढरी १० येन. वॉर्ड ऑफिसातला रहिवासाचा दाखला त्याच झेरॉक्स यंत्रातून निघतो, मायनंबर कार्ड (आपल्या आधारसारखं ओळखपत्र) ठेवून चार आकडी पिन दाबला की. पहाटे साडेसहापासून रात्री अकरापर्यंत. दाखल्याचा कागद यंत्रातून बाहेर आला तेव्हा मी आजूबाजूला बघितलं, कुणीतरी सही करायला येईल म्हणून.

आता कचरा. पहिल्याच आठवड्यात मी घरातली कचऱ्याची पिशवी बांधून दुकानातल्या डब्यात टाकली. रस्त्यावर तर डबेच नाहीत, मग हा कशाला ठेवलाय असं मला वाटलं. मालकीणबाई काउंटर सोडून आल्या, वाकल्या, डब्यावरची पाटी दाखवली आणि छातीसमोर दोन्ही हातांची फुली केली. घरचा कचरा नाही. पिशवी मी परत घेतली. नंतर शिकलो: जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, सकाळी आठच्या आत, कावळ्यांसाठी लावलेल्या जाळीखाली. न जळणारा महिन्यातून दोनदा.

आणि मोठा कचरा म्हणजे 'सोदाइ गोमी'. मी कुणाकडून तरी एक जुनी खुर्ची घेतली होती, ती महिनाभरात माझ्यासकट बसली. ती फेकायची तर आधी नोंदणी करायची, मग ते तारीख आणि रक्कम सांगतात, मग तेवढ्या रकमेची तिकिटं कोंबिनीतून विकत घ्यायची. तिकिटं दोन प्रकारची, 'ए' २०० येनचं आणि 'बी' ३०० येनचं. माझ्या खुर्चीला ४०० सांगितले. हे सगळं मला काउंटरवर बोलता येणं शक्य नव्हतं. मी खुर्चीचा मोबाइलवरचा फोटो दाखवला, दोन बोटं दाखवली. काउंटरवरचा पोरगा दोन क्षण बघत राहिला आणि हिंदीत म्हणाला, "दाइ, ए वाले दो चाहिए ना?"

नेपाळी. छातीवरच्या पट्टीवरचं नाव कताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, म्हणून इतके दिवस मला कळलं नव्हतं. सकाळी भाषेच्या शाळेत जातो, आठवड्याला २८ तास काम करायची परवानगी, ते तास इथं घालवतो. त्यानं ड्रॉवरमधून फाइल काढली, तिकिटं दिली, आणि वर काय लिहायचं ते सांगितलं: नाव किंवा नोंदणी क्रमांक. मी हौसेनं कताकानात नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाजवळ ती खुर्ची माझ्या नावाची चिठ्ठी मिरवत उभी होती आणि ऑफिसला निघालेले शेजारी ती वाचत होते. खुर्ची गेलेल्या पुढाऱ्याला काय वाटत असेल ते मला त्या सकाळी कळलं.

माझी जपानी याच काउंटरवर तयार झाली, आणि तिची हद्दही तेवढीच आहे. पिशवी हवी का, गरम करू का, चॉपस्टिक्स लागतील का, पॉइंट कार्ड आहे का. चारी प्रश्नांना 'दाइजोबु देस्' हे उत्तर चालतं. राहू द्या, असा अर्थ. प्रश्न रोज त्याच क्रमानं, त्याच सुरात. नवख्या माणसाला याचा किती आधार वाटतो हे तुम्हाला सांगता येणार नाही. पिशवीला जुलै २०२० पासून पैसे पडतात, म्हणून मी पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवाची कापडी पिशवी नेतो. साताऱ्यात तिच्यात कांदे असायचे.

तक्रारी. पहिली खाण्याची. माझं काही अडत नाही, पण बायको शाकाहारी. बटाट्याच्या वेफर्समध्ये कोंबडीची पावडर, बटाट्याच्या कटलेटमध्ये खिमा, भाजीच्या सूपमध्ये कात्सुओचा, म्हणजे सुकवलेल्या मासळीचा अर्क. उमेबोशीच्या ओनिगिरीतसुद्धा कधीकधी हा कात्सुओ असतो. पहिल्या रात्री आम्हाला हे ठाऊक नव्हतं आणि मी अजून तिला सांगितलेलं नाही. डुक्कर, गाय, कोंबडी, मासा या चार शब्दांची चित्रलिपी मी फोनमध्ये फोटो काढून ठेवलीय आणि वेष्टन उलटं करून ती शोधत बसतो. थंडीत काउंटरशेजारी ओदेनचं भांडं येतं, मुळा, अंडी, माशाचे वडे त्याच मासळीच्या पाण्यात दिवसभर शिजत असतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी उपास धरून बायको पार्सल घ्यायला गेली आणि मफलर नाकाला लावून, पार्सल न घेताच परत आली.

दुसरी, किंमत. दूध, पाणी, ब्रेड, सगळंच सुपरमार्केटपेक्षा महाग. महिन्याचं सामान इथून भराल तर पगार पुरायचा नाही.

तिसरी तक्रार म्हणावी की नाही ते ठरत नाही. दीड वर्षात मालकीणबाईंनी मला 'काय, कसं चाललंय' असं एकदाही विचारलेलं नाही. मी साताऱ्यात काउंटरला बसून लोकांच्या मुलींची लग्नं जमवली. इथं मी रोजचा, तरी रोज नवा. कधी बरं वाटतं, कधी नाही.

कॉफी मात्र चांगली. रिकामा कप विकत घ्यायचा, यंत्राखाली आपण ठेवायचा, बटण आपण दाबायचं. कप छोटा आणि बटण मोठ्याचं दाबलं तर अडवायला कुणी नाही. पण २०२४ मध्ये ह्योगो प्रांतातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांची नोकरी एवढ्यावरून गेली. सात वेळा छोट्याचे पैसे देऊन मोठी भरली, एकूण फरक ४९० येन. मी बटण दाबायच्या आधी दोनदा वाचतो.

ताऱ्यांत सांगायचं तर काउंटरला पाच, खाण्याला दोन. सरासरी काढू नका, काउंटर वापरा आणि जेवायला घरी या.

एक राहिलं. आपल्याकडं पासपोर्टात स्वतःच्या नावामागं वडिलांचं नाव येतं. इथल्या रहिवासी कार्डावर आडनाव आधी, मग माझं नाव, मग अण्णांचं. अर्जातल्या चौकटी संपतात पण नाव संपत नाही. आणि सगळ्यात शेवटी येतं तेच ठळक दिसतं, म्हणून पार्सल घ्यायला गेलो की मला अण्णांच्या नावानं हाक येते. त्यातल्या 'ळ'चा 'र' झालेला, जोडाक्षराचे तीन तुकडे, आणि पुढं आदरार्थी 'सामा'. मी मुकाट्यानं 'हाइ' म्हणून सही करतो. आधी दुरुस्त करायचो, आता सोडून दिलंय.

२०२५ च्या मे महिन्यात अण्णा आले. आयुष्यात पहिल्यांदा विमान. पाच किलो तांदळाला चार हजारांवर येन पडतायत हे ऐकल्यावर रुपयात हिशेब करून म्हणाले, "मग इथला शेतकरी सुखात असेल." त्या संध्याकाळी मी पार्सल आणायला निघालो, तेही आले, पायात साताऱ्याहून आणलेल्या वहाणा. मालकीणबाईंनी खोकं काढलं, चिठ्ठी दोन्ही हातांत धरली आणि ते 'र'वालं नाव पुकारलं, 'सामा' लावून. मी तोंड उघडायच्या आत अण्णा पुढं झाले.

"होय, मीच."

बाईंनी वाकून पेन त्यांच्यासमोर ठेवलं. अण्णांनी चष्मा लावला, चौकटीत मराठीत सही केली, खाली रेघ ओढली, आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "चांगली ओळख ठेवलीयस रे माझी इथं."

खोक्यात छताचा दिवा होता, आतल्या खोलीचा. सात महिने राहिला होता तो.